परसबाग आणि नातवंड

शेतकऱ्याच्या आयुष्यांत एक दिवस असा येतो कीं, त्या दिवसापासून शेताचा कारभार मुलाच्या हातीं जातो. कोणी तो आपण होऊन सोंपवितो. कोणाचे गुडघे त्याला तो सोंपवावयास लावितात. त्यानंतर म्हाताऱ्याच्या वांट्याला घरालगतचीं दोन कामें येतात. एक, परसांतील भाजीपाला पाहणें. आणि दुसरें, नुकतेंच चालूं लागलेलें नातवंड संभाळणें. हीं दोन्ही कामें केवळ वेळ घालविण्याचीं आहेत अशी घरोघर समजूत असते. आणि खेदाची गोष्ट ही कीं, पुष्कळदां खुद्द म्हाताऱ्याचीहि तीच समजूत असते. आमचें मत याच्या उलट आहे. ज्या माणसानें तीस-चाळीस वर्षें शेत पिकविलें, त्याच्या हातीं घरानें शेवटीं सर्वांत नाजूक पीक दिलेलें असतें, आणि त्याची जोखीमहि तशीच मोठी असते.

गेलीं पांच वर्षें आम्ही हीं दोन्ही कामें एकत्रच करीत आलों आहों. प्रथम नातू व आतां नात, अशीं दोन मुलें आमच्या परसांत पाऊल टाकावयास शिकलीं. या अनुभवांत आमच्या हातून चुकाहि झाल्या. त्यांतून जें शिकतां आलें तें आमच्या वयाच्या वाचकांपुढें व त्यांच्या कर्त्या मुलांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हें काम आपल्यावरच कां येतें

पेरणी, खुरपणी व काढणी यांच्या दिवसांत मुलगा व सून दोघेंहि पहाटेच शेताकडे निघतात. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळें गांवोगांव अंगणवाडी आली, ही मोठीच सोय झाली. परंतु तेथें बसून शिकावयाचें वय तीन ते सहा वर्षांचें आहे. त्याहून लहान मुलांस तेथून आहार मिळतो, त्यांचें वजन घेतलें जातें, लसीकरणाची व्यवस्था होते. मात्र दिवसभर संभाळण्याची सोय बहुतेक ठिकाणीं नसते. म्हणजे मूल चालूं लागल्यापासून अंगणवाडींत बसूं लागेपर्यंतचीं दोन वर्षें घरच्या वृद्धांवर येऊन पडतात. आणि नेमकीं हींच दोन वर्षें अशीं असतात कीं, पाय धांवूं लागलेले असतात, पण भय म्हणजे काय हें मुलाला ठाऊक नसतें.

एक घडलेली गोष्ट

आमचा नातू त्या वेळीं चौदा महिन्यांचा होता. आषाढाचे दिवस होते, आणि दुधी भोपळ्याचा वेल मांडवावर चढवावयाचा होता. मूल आमच्या पायाशीं मातींत बसून खेळत होतें. सुतळीची गांठ मारतांना आमचे दोन्ही हात वर होते व मानहि वर होती. गांठ पक्की झाली, आम्हीं खालीं पाहिलें, तों मूल जागेवर नव्हतें. चार हातांवर झारी भरण्याकरितां बादली ठेवलेली होती. तिच्या कांठाला धरून मूल आंत वांकलें होतें; डोकें पाण्यांत व पाय वर. ना ओरडणें, ना पाण्याचा खळखळाट. आम्हीं त्याला वर ओढलें. तें खोकलें, रडलें आणि बचावलें. बादलींत पाणी वीतभर देखील नव्हतें.

ही गोष्ट मुलाच्या आईबापांना सांगावयास आम्हांला दोन दिवस लागले. कारण, "बाळ आमच्याकडे आहे, तुम्ही निश्चिंत जा," असे शब्द रोज सकाळीं आम्हीच उच्चारीत होतों. सांगितल्यावर सूनबाई एक शब्दहि बोलली नाहीं; तिनें मुलाला उचलून घेतलें व बराच वेळ खालीं ठेवलें नाहीं. रागावण्यापेक्षां तें मौन आम्हांला अधिक लागलें.

मागाहून विचार करतां व जाणत्यांना विचारतां असें कळलें कीं, यांत अपवादात्मक कांहींच नव्हतें. या वयांत शरीराच्या मानानें डोकें जड असतें. मूल वांकलें म्हणजे तोल पुढें जातो, आणि हातांत स्वतःला वर ढकलण्याइतकी शक्ति नसते. पाण्यांत गेलेलें तोंड ओरडूं शकत नाहीं. म्हणून मूल बुडतें तें निमूटपणें बुडतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणें बुडून दगावण्याचें प्रमाण एक ते चार वर्षांच्या मुलांत सर्वांत अधिक आहे. संयुक्त राष्ट्रांनीं सन २०२१ मध्यें २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधाकरितां जागतिक दिन म्हणून ठरविला, त्याचें मूळ अशाच घटनांत आहे. ज्या घरीं विहीर, हौद व शेततळें आहे, त्या शेतकऱ्याच्या घराला हें सांगणें सर्वांआधीं लागू पडतें.

एका डोळ्याचें काम व दोन डोळ्यांचें काम

त्या दिवसापासून आम्हीं परसांतील सर्व कामांची दोन भागांत वांटणी केली. जें काम करतांना हात गुंतला तरी नजर मोकळी राहते, व जें क्षणांत टाकून उठतां येतें, तें एका डोळ्याचें काम. पालेभाजी खुडणें, पिवळीं पानें वेंचणें, लोटीनें पाणी घालणें, शेंगा तोडणें, हातानें लहान तण उपटणें, आच्छादनाचा पाला पसरणें, हीं सर्व या वर्गांतलीं. दुसरा वर्ग दोन डोळ्यांच्या कामांचा. विळा, कुदळ वा कुऱ्हाड चालविणें, मांडव बांधणें, शिडीवर चढणें, खताचा खड्डा उकरणें, मोठीं बियाणीं टोकणें, पाण्याची मोटार पाहणें, कसलीहि फवारणी करणें, हीं त्यांत येतात.

नियम एवढाच कीं, मूल जागें असून बागेंत असतांना दोन डोळ्यांचें एकहि काम हातीं धरूं नये. तें मूल झोपल्यावर करावें, किंवा दुसरें कोणी मुलाजवळ असतांना करावें. "नुसती एक गांठ मारतों," "एकच फांदी छाटतों," हीं वाक्यें मनांत आलीं कीं सावध व्हावें. आमच्या घरचा प्रसंग त्या एका गांठीपायींच ओढवला.

याला जोडून दुसरा नियम सांगितला पाहिजे. घरांत माणसें पुष्कळ असलीं म्हणजे प्रत्येकाला वाटतें कीं, मूल दुसऱ्याजवळ आहे. म्हणून मूल एकाकडून दुसऱ्याकडे देतांना तसें तोंडानें बोलावें. "बाळ आतां तुझ्याकडे," असें म्हणावें, व समोरच्यानें "हो, माझ्याकडे" असें उत्तर दिल्याखेरीज आपण हलूं नये. बँकेंत पैसे मोजून घेतल्याशिवाय आपण सही करीत नाहीं. येथें तर त्याहून मोलाची ठेव आहे.

जागा व आखणी

परसबाग घराच्या इतकी जवळ असावी कीं, स्वयंपाकघरांतून हांक ऐकूं यावी. आमची बाग सुमारें दीड गुंठ्याची आहे. याहून अधिक जागा एकट्या म्हाताऱ्याच्या अंगावर येते. आणि अंगावर आलेलें काम नजर बांधून ठेवतें.

कुंपण आधीं, वाफे मागाहून. आम्हीं बांबूच्या कामट्यांचें साडेतीन फूट उंचीचें कुंपण घातलें आहे. फाटकाची कडी वर व बाहेरच्या बाजूस आहे. कांटेरी तार लहान मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर येते, ती टाळावी. जिवंत कुंपण करावयाचें असेल तर विशेष विचार करावा. आपल्याकडे कुंपणाला चंद्रज्योत ऊर्फ मोगली एरंड, कण्हेर किंवा घाणेरी लावण्याची चाल आहे, आणि तिचें कारण गुरें तीं झाडें खात नाहींत हें आहे. परंतु गुरें तीं खात नाहींत, कारण तीं विषारी आहेत; आणि गुरांना जें कळतें तें दीड वर्षाच्या मुलाला कळत नाहीं. चंद्रज्योतीच्या बिया खाऊन मुलांना ओकाऱ्या व जुलाब होऊन दवाखान्यांत न्यावें लागल्याच्या बातम्या वरचेवर येतात. त्याऐवजीं मेंदी किंवा जास्वंद लावावी. धोतरा, एरंड, गुंज, रुई व पिवळी कण्हेर हीं परसाच्या आंत व कुंपणालगत ठेवूंच नयेत. गुंजेची लाल-काळी बी मुलांना मोह पाडते, आणि चावली गेली तर जिवावर बेतते.

वाफे तीन फूट रुंद ठेवावे, म्हणजे दोहों बाजूंनीं मधोमध हात पोंचतो व वाफ्यांत पाय देण्याची गरज राहत नाहीं. मधल्या वाटा दोन फूट रुंद असाव्या. म्हातारा वळूं शकतो व मूल पडलें तरी रोपांवर पडत नाहीं. वाफे वाटेपेक्षां वीतभर उंच असले तर बी व पाऊल यांची सीमा मुलाला लौकर समजते. आमच्या नातवाला ती तीन आठवड्यांत समजली, आणि मग शेळी वाफ्यांत शिरली असतां प्रथम ओरडला तो तोच.

पाण्यासंबंधीं आम्हीं असें केलें. बादली बागेंत ठेवणें बंद. झारी नळावर भरावी व रिकामी झाली कीं पालथी घालावी. पिंपावर झांकण दोरीनें बांधलेलें असावें. हौदावर लोखंडी जाळी व विहिरीला कठडा असावा. सन २०१६ पासून शासनाच्या ‘मागेल त्याला शेततळें’ योजनेमुळें शेततळीं पुष्कळ झालीं. त्यांत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावरून पाय घसरला तर पोहणाऱ्या मोठ्या माणसालाहि वर येतां येत नाहीं. म्हणून शेततळ्याला सर्व बाजूंनीं कुंपण, बंद होणारें फाटक व आंत सोडलेला गांठी मारलेला दोर या तीन गोष्टी हव्याच. बियाणें व खतावर जो खर्च करतो, त्याच्या मानानें हा खर्च थोडाच आहे.

मुलाचा वाफा

बागेंत एक वाफा मुलाच्या मालकीचा असावा. आमच्याकडे तो तीन फूट लांब व तीन फूट रुंद असून सकाळीं दहानंतर मांडवाच्या सावलींत येतो. त्यांतील माती चाळून कांचा, खिळे, तारा व कांटे काढून टाकले आहेत. तेथें मुलानें उकरावें, ओतावें, उपटावें. त्याला कोणी "नको" म्हणावयाचें नाहीं. हत्यारें म्हणजे एक लाकडी पळी, एक घासून गुळगुळीत केलेली करवंटी व एक लहान लोटी. खुरपें, विळा व कात्री यांच्याकरितां भिंतीवर आपल्या खांद्याच्या वर खुंटी ठोकावी, व काम होतांच तीं तेथें टांगावीं.

या वाफ्यांत पेरावयाचें तें लौकर उगवणारें असावें, कारण मुलाचें धैर्य दोन-चार दिवसांचें असतें. मेथी तीन ते पांच दिवसांत उगवते व पंचवीस ते तीस दिवसांत काढणीला येते. मुळा तितक्याच दिवसांत उगवतो व दीड महिन्यांत उपटावयास मिळतो. उपटण्याचा आनंद मुळ्याइतका दुसरें कोणतेंहि पीक देत नाहीं. धने रगडून दोन भाग करून पेरले तरी कोथिंबिरीला उगवावयास आठ-दहा दिवस लागतात. म्हणून ती मुलाच्या वाफ्यांत दुसऱ्या वर्षीं घ्यावी. बी नेहमींच्या तिप्पट टाकावें. एक भाग मुलाच्या पायाखालीं जातो, एक भाग तें "उगवलें कां" हें पाहण्याकरितां उकरतें, आणि एक भाग उरतो. मुलानें उपटलेलें रोप हें नुकसान समजूं नये. त्याची तरतूद बियाण्यांतच करावी.

चवळी, वाल, भोपळा यांचें बी ठसठशीत असून मुलाच्या हातीं धरावयास सोपें असतें. परंतु तेंच बी नाकांत वा श्वासनलिकेंत अडकतें. म्हणून असें बी मुलाच्या मुठींत कधीं देऊं नये. आपण वाटी धरावी, एकेक बी त्याच्या बोटांत द्यावें, तें मातींत गेलेलें पाहावें, मग दुसरें द्यावें. हें काम दोन डोळ्यांचें आहे हें विसरूं नये.

मुलाच्या ताटाकरितां

परसबागेचा खरा नफा बाजारांत नव्हे, तर ताटांत मोजावा. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाच्या जोडीला मुलाला वरचें अन्न लागतें. आणि दूध सुटत आलेल्या वयांत पुष्कळ घरीं भात, बिस्किट व चहा यांवर पोट भरतें. त्यांत लोह व अ-जीवनसत्त्व यांची तूट पडते. या दोहोंसाठीं फार लांब जावें लागत नाहीं. शेवग्याचा पाला, मेथी, पालक, माठ, लाल भोपळा, हिंवाळ्यांतील गाजर व पिकलेली पपई हीं परसांत येतात. दोन गोष्टी मात्र ध्यानांत ठेवाव्या. पालेभाजींतील लोह अंगीं लागावें म्हणून वर लिंबू पिळावें, आणि अ-जीवनसत्त्व अंगीं लागावें म्हणून थोडें तेल किंवा तूप घालावें. याकरितां शेवग्याचें एक, कागदी लिंबाचें एक व पपईचीं दोन झाडें आणि न्हाणीच्या पाण्यावर केळीचे दोन खुंट एवढी मांडणी कोणत्याहि परसांत बसते. सरकारी आरोग्य केंद्राकडून नवव्या महिन्यापासून पांच वर्षांपर्यंत अ-जीवनसत्त्वाचे डोस दिले जातात, तेहि चुकवूं नयेत.

कच्चें गाजर, काकडीचे जाड तुकडे, अख्खे शेंगदाणे व हरभरे हीं या वयांत घशांत अडकतात. गाजर शिजवून किंवा किसून द्यावें, शेंगदाण्यांचें कूट करावें.

दिवसाचा क्रम

लहान मुलाचा दिवस व बागेचा दिवस हे एकमेकांना सोईचे आहेत, असा आमचा अनुभव आहे. दोघांनाहि सकाळ-संध्याकाळ मोकळी हवा हवी व भर दुपारीं विश्रांति हवी.

पहाटे मुलगा-सून निघाल्यापासून मूल उठेपर्यंत सुमारें एक तास मिळतो. घरांत आजी मुलापाशीं असते. हा वेळ कुदळीचा व विळ्याचा. सात-साडेसातला मूल उठलें म्हणजे हत्यारें खुंटीवर जातात. न्याहारीनंतर आठ ते दहा आम्ही दोघें बागेंत असतों. या वेळांत बागेचें काम थोडेंच होतें, आणि तें थोडेंच व्हावें अशीच अपेक्षा धरावी. प्रत्येक झाडापाशीं थांबावें लागतें. काल न दिसलेलें भेंडीचें फूल आज दिसतें. मुंग्यांची रांग कोठें जाते हें शेवटपर्यंत पाहावें लागतें. लोटीभर पाणी वांग्याला कमी व आमच्या पायांवर अधिक पडतें. दहाच्या पुढें ऊन चढतें. मग स्नान, जेवण व झोंप.

मूल बारा ते दोन झोंपतें. या दोन तासांबद्दल आम्हांला कळकळीनें सांगावयाचें आहे. बागेचें राहिलेलें सर्व काम या वेळीं उरकावें असा मोह होतो. पहिल्या वर्षीं आम्हीं तसेंच केलें, आणि संध्याकाळीं चारला मूल ताजें व आम्ही पेंगुळलेले अशी स्थिति होऊं लागली. थकलेला डोळा हा मिटलेल्या डोळ्यासारखाच. म्हणून झोंपेचा पहिला तास बागेला द्यावा व दुसरा आपल्या पाठीला द्यावा. हा आळस नव्हे. संध्याकाळच्या राखणीची ती तयारी आहे.

चार ते सहा पुन्हा बाग. रात्रीच्या भाजीची खुडणी मुलाबरोबर करावी. आपण खुडलेली भाजी तें ताटांत ओळखतें व सहसा नाकारीत नाहीं. तिन्हीसांजेपूर्वीं दोघांनीं घरांत यावें. सरपणाचा ढीग, दगड व वाढलेलें गवत बागेपासून दूर असावें, कारण साप व विंचू तेथेंच आसरा धरतात. सर्पदंश झाला तर जखम कापणें, चोखणें वा घट्ट बांधणें यांत वेळ न घालवितां मुलाला न हालवितां तडक रुग्णालयांत न्यावें. विंचवाचेंहि तसेंच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून कोंकणांत पुष्कळ मुलें वांचलीं. पण तें वेळेवर पोंचलें तरच. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरांतील भिंतीवर ठळक लिहून ठेवावा.

जागतिक आरोग्य संघटनेनें सन २०१९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या सूचनांत एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसांतून निदान १८० मिनिटें हालचाल व झोंपा धरून अकरा ते चौदा तास निद्रा हवी असें म्हटलें आहे; आणि वर्षाच्या मुलाला मोबाइल वा दूरदर्शनचा पडदा मुळींच दाखवूं नये असेंहि सांगितलें आहे. वरील क्रमांत या तिन्ही गोष्टी आपोआप साधतात. मोबाइल हातीं दिला म्हणजे मूल एका जागीं बसतें हें खरें. पण बसवून ठेवलेल्या मुलाची वाढहि बसते.

मातीची भीति

शहरांतील पाहुणे मूल मातींत पाहून दचकतात, आणि आपण "आम्ही असेच वाढलों" म्हणून हंसतों. दोघांचेंहि थोडें चुकतें. माती मुलाला हितकरच आहे, पण तिच्यांत जंतांचीं अंडीं असतात, व अंकुशकृमि उघड्या पायांतून शरीरांत शिरतो. म्हणून पायांत चपला, बागेंतून आल्यावर साबणानें हात धुणें, नखें कापणें व उघड्यावर शौच बंद, एवढें पाळावें. मुलाच्या वाफ्यांत ताजें शेण घालूं नये. पूर्ण कुजलेलें खतच वापरावें. धनुर्वाताचें लसीकरण वेळेवर करावें. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यानचा वर्धक डोस पुष्कळ घरीं राहून जातो. सन २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनीं एक वर्षावरील मुलांस गोळी मिळते. एक ते दोन वर्षांच्या मुलास ती अर्धी असते व चुरून पाण्यांतून देतात.

औषधांचा कोपरा

पिकावरील विषारी औषधें हा घरांतील सर्वांत मोठा धोका आहे. उरलेलें औषध सरबताच्या वा पाण्याच्या बाटलींत भरून ठेवण्याची संवय ताबडतोब सोडावी. मूळ डब्यावर रंगाचा त्रिकोण असतो: लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व हिरवा. मुलाच्या बाबतींत हिरवाहि निर्धोक समजूं नये. डबे कुलुपांत, घरापासून वेगळ्या ठिकाणीं, उंचावर असावेत. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. जें विष अंगाखांद्यावरून जाऊन प्रौढाला मारतें, तें मुलाला किती पुरेल याचा विचार करावा. फवारणी करून आलेल्या बापानें स्नान करून कपडे बदलल्याखेरीज मुलाला उचलूं नये. मुलानें औषध प्याल्याचा संशय आला तर ओकारी काढण्याच्या खटपटींत न पडतां, औषधाचा डबा बरोबर घेऊन रुग्णालय गांठावें.

परसबागेंत तर या औषधांचें कामच नाहीं. मावा व लहान अळ्या यांवर निंबोळीचा पांच टक्के अर्क पुरतो: पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यांत रात्रभर भिजवून सकाळीं गाळून घ्यावी व मूल झोपलें असतां फवारावी.

मूल येथें काय शिकतें

जर्मनींतील फ्रोबेल यानें सन १८४० मध्यें आपल्या बालशाळेला मुलांची बाग असें नांव दिलें व मुलांना वाफे वांटून दिले. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं सन १९४५ मध्यें बोर्डी येथें खेड्यांतील बालशिक्षणाचें काम आरंभिलें; पुढें सन १९५७ मध्यें तें कोसबाडला गेलें. त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं महागड्या साधनांऐवजीं पानें, फुलें, बिया व खडे हींच साधनें केलीं. जें त्यांनीं शाळेंत केलें, तें परसांत रोज घडतें. आमच्या नातीचे पहिले शब्द पान, पाणी, मुंगी व "अजून" हे होते. मोठें-लहान, ओलें-कोरडें, आज-उद्यां हे भेद तिला कोणी शिकविले नाहींत, मेथीनें शिकविले. आपण फक्त नांवें उच्चारावीं व घाई करूं नये.

म्हाताऱ्याची बाजू

शेवटीं आपल्यासंबंधींहि स्पष्ट बोललें पाहिजे. डोळ्यांना कमी दिसतें, कानाला हांक ऐकूं येत नाहीं, किंवा चक्कर येते, हें मुलापासून लपवूं नये. अभिमानानें पत्करलेली राखण ही राखण नव्हे. ज्या दिवशीं अंग बरें नसेल, त्या दिवशीं "आज बाळाला माझ्यावर सोंपवूं नका," असें सांगावें. आणि कर्त्या मुलानेंहि तें ऐकून एक माणूस घरीं ठेवावें. खुरपणीचा एक दिवस बुडाला तर भरून काढतां येतो.

आमच्या बागेचें उत्पन्न पूर्वीपेक्षां निम्मेंच येतें हें आम्ही कबूल करतों. वेल उशिरां चढतात, कांहीं वाफे रिकामे राहतात. परंतु त्या मांडवाखालीं आतां दुसरें मूल उभें आहे; पहिलें शाळेंतून आल्यावर तिला बी कसें एकेक द्यावें हें दाखवितें, व "हो, माझ्याकडे" म्हटल्याशिवाय आम्हांला हलूं देत नाहीं. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं चालतें नातवंड असेल, त्यांनीं हा अंक खालीं ठेवून प्रथम परसांत एक फेरी मारावी, आणि एखादी बादली पाण्यानें भरलेली आढळली तर ती पालथी घालावी. बाकीच्या सूचना उद्यांपासून अमलांत आणल्या तरी चालतील.